अचानक ठरलेली सहल, मधले थांबे आणि बाहेरचं जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं काम केटरिंगचं, आणि त्याच ओळखीपाळखीतून छोट्या गटांच्या सहलीही आखून देतो. फोनवर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. तिकिटाचा प्रश्न म्हणून सुरू झालेली गोष्ट बऱ्याचदा जेवणाच्या वेळेवर येऊन अडते, म्हणून इथे दोन्हीची उत्तरं एकत्रच दिली आहेत.

शुक्रवारी रात्री ठरतं, शनिवारी पहाटे निघायचं असतं. आधी काय पक्कं करायचं?

दुपारचं जेवण कुठे आणि किती वाजता, हे. ठिकाण, मुक्काम, गाडी यांच्याही आधी.

उदाहरण घ्या. पुण्याहून ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वरला जायचंय. सकाळी सहाला निघालेली मंडळी नाश्त्याला थांबूनही साडेअकरा-बारापर्यंत पोचतात, आंघोळ करून एक वाजता पानावर बसतात. नऊला निघालेले घाटात फोटोंसाठी थांबतात, माणगावला पोचेपर्यंत भूक लागते, तिथे वडापावावर भागवतात आणि तीन-साडेतीनला समुद्रावर उतरतात. तोवर घरगुती खानावळीतल्या बाईंनी भांडी घासायला टाकलेली असतात. मग चिडचिड, पोरांची रडारड आणि संध्याकाळी पाचला कुठेतरी नूडल्स. पैसे तेवढेच गेले, रस्ताही तोच होता, बिघडला तो फक्त जेवणाचा हिशोब.

थाळी देणारी बहुतेक ठिकाणं दुपारी तीन-साडेतीनला स्वयंपाकघर बंद करतात आणि संध्याकाळी सात-साडेसातला पुन्हा सुरू करतात. मधल्या वेळात मिळेल तो चहा, भजी, मिसळ. ही वेळ डोक्यात ठेवून निघायची वेळ ठरवा. आदल्या रात्री खोली मिळाली नाही तरी एकवेळ सकाळी मिळून जाते. सुट्टीच्या दिवशी पंधरा जणांना न सांगता दुपारी दोनला जेवण मिळेल याची खात्री मात्र कुणी देणार नाही.

रेल्वेचं तिकीट ऐन वेळी मिळतं का?

मिळतं, पण त्यावर सगळा बेत टांगू नका. गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेच्या आदल्या दिवशी तत्काळ उघडतं: एसीसाठी सकाळी १०, बिगर-एसीसाठी ११. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी जोडून पडताळलेलं असावं लागतं, तेव्हा हे काम आजच करून ठेवा. बुकिंगच्या मिनिटाला ते होत नाही. पक्कं झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत.

दुसरा रस्ता करंट बुकिंगचा. चार्ट, म्हणजे आरक्षणाची शेवटची यादी, लागल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागा यात मिळतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दिवसाच्या गाडीला हे चांगलं जमतं. शुक्रवारी रात्री कोकणाकडे जाणाऱ्या गाडीला याची आशा धरू नका.

एसटीने भटकायचं असेल तर?

अचानक निघणाऱ्याला एसटीइतकं सोयीचं काही नाही, हे माझं मनापासूनचं मत आहे. ‘आवडेल तेथे प्रवास’ योजनेत चार आणि सात दिवसांचे पास मिळतात. एकदा पास काढला की रोज कुठे जायचं ते सकाळी डेपोत फलक बघून ठरवता येतं. महिलांना राज्यात १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. घरात आजी आणि दोन महिला असतील तर साध्या तिकिटाचाच खर्च इतका कमी येतो की पासाची गरज उरत नाही. आधी हिशोब करून बघा.

एसटी ज्या अधिकृत थांब्यावर थांबते तिथे तिकीट दाखवून ३० रुपयांत चहा-नाश्ता मागता येतो. शिरा, पोहे, उपमा, वडापाव, इडली असं त्यात येतं. ही सोय २०१६ सालची, पण प्रवासी मागत नाहीत आणि हॉटेलवाला आपणहून सांगत नाही. मागून बघा.

सोबत काय न्यावं, जे दोन दिवस टिकेल?

दशम्या. यावर आम्ही वर्षानुवर्षं गट फिरवले आहेत. कणीक फक्त दुधात भिजवायची, पाण्याचा हात लावायचा नाही. मीठ, मूठभर कणकेला चमचाभर तेलाचं मोहन, हवा असेल तर गूळ. मंद आचेवर दोन्ही बाजूंनी नीट भाजायच्या आणि कापडावर एकेक सुटी पसरून पूर्ण गार करायच्या. चूक होते ती या शेवटच्या पायरीला. निघायच्या घाईत गरम दशम्या एकावर एक डब्यात रचल्या की आत वाफ धरते, झाकणाखाली पाणी सुटतं आणि दुपारपर्यंत वास येतो. गार झालेल्या दशम्या सुती कापडात गुंडाळून ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तम राहतात. उन्हाळ्यात मात्र दुसऱ्या दिवशी दुपारीच संपवा.

तोंडी लावायला दाण्याची, तिळाची, कारळ्याची किंवा जवसाची कोरडी चटणी. ओल्या खोबऱ्याची चटणी, पनीर, दहीभात घेऊ नका. दहीभात न्यायचाच असेल तर पहिल्या चार तासांत खा. गूळपोळी याहूनही जास्त टिकते, पण मुलं ती पहिल्याच तासात संपवतात.

चालत्या गाडीत जेवण मागवता येतं का?

हो. आयआरसीटीसीच्या ई-केटरिंगवर पीएनआर टाकला की पुढच्या कुठल्या स्टेशनांवर जागेवर जेवण मिळेल ते दिसतं. हेल्पलाइन १३२३. पोचायच्या निदान दोन-तीन तास आधी मागवा आणि शक्य असेल तर गाडी दहा मिनिटं तरी थांबेल असं मोठं स्टेशन निवडा. दोन मिनिटांच्या थांब्यावर जेवण घेऊन येणारा मुलगा तुमचा रेल्वेचा डबा शोधत धावतो आणि गाडी सुटते.

पॅन्ट्री कारमधलं जेवण घेतलंत तर बिल मागा. बिल दिलं नाही तर जेवण फुकट, हे रेल्वेनेच जाहीर केलेलं धोरण आहे. बाटलीबंद ‘रेल नीर’ची लिटरची किंमत सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपये झाली आहे. २० रुपये घेऊन सुटे नाहीत म्हणणारा भेटला तर १३९ वर तक्रार होते.

पंधरा जणांचा गट एकदम हॉटेलात शिरतो आणि जेवण यायला तास-दीड तास लागतो. काय करावं?

स्वयंपाकघराच्या बाजूने बघा. मध्यम हॉटेलात दोन-तीन शेगड्या, एक तंदूर आणि दुपारच्या गर्दीला दोन कारागीर असतात. पंधरा जणांनी नऊ वेगवेगळ्या भाज्या मागवल्या की प्रत्येक भाजीची कढई वेगळी चढते. पहिली भाजी टेबलावर येते तेव्हा नववीचा कांदा परतायचा असतो. त्याच पंधरा जणांनी तीन भाज्या, प्रत्येकी मोठ्या प्रमाणात मागवल्या तर सगळं वीस-पंचवीस मिनिटांत येतं.

म्हणून पोचायच्या तासभर आधी फोन करा आणि तीन गोष्टी सांगा: किती माणसं, किती वाजता, त्यात शाकाहारी किती. घरगुती खानावळ असेल तर हा फोन आदल्या रात्री हवा, कारण ताज्या माशांचा बाजार सकाळीच होतो. आगाऊ पैसे मागितले तर द्या. त्या माणसाने तुमच्या शब्दावर सुरमई घेतलेली असते. येणं रद्द झालं तर तेही कळवा, लवकर कळवा. न कळवता न येणारे गट बघून बघून कितीतरी चांगल्या घरांनी फोनवरची ऑर्डर घेणंच सोडून दिलंय, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

भाकरी मागवत असाल तर आणखी एक. भाकरी थापायला एकच बाई असते. पंधरा जणांना गरम भाकरी एकाच वेळी मिळणार नाही. मुलांना आणि वडीलधाऱ्यांना आधी वाढायला सांगा.

कोकणात गेलो आणि मासेच मिळाले नाहीत. असं का होतं?

तारीख बघितली नसेल. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा थाळीत येतो तो बर्फातला, खाडीतला किंवा सुका मासा. त्यानंतर श्रावण. गणपतीत तर कित्येक खानावळी बंदच असतात, कारण चालवणाऱ्यांच्या घरी गणपती असतो. सोमवारी बरीच घरं शाकाहारी असतात. अशा वेळी वालाचं बिरडं, काजूची उसळ (ओले काजू मार्च-एप्रिलमध्ये), फणसाची भाजी मागा. हे जेवण माशांच्या थाळीपेक्षा कमी आहे असं समजू नका.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. उतरायची वेळ त्यावरूनच धरा.

बिलात सर्व्हिस चार्ज लावलाय. द्यावाच लागतो का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलने तो आपोआप बिलात धरायचा नाही, दुसऱ्या नावानेही लावायचा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या योग्य ठरवल्या. शांतपणे ‘हा काढून नवीन बिल द्या’ म्हणा. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

जीएसटी मात्र द्यावा लागतो. साध्या रेस्टॉरंटला तो ५ टक्के आहे. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर आहे तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. आणि बिलावर ‘कंपोझिशन’ योजनेतला (म्हणजे छोट्यांसाठीच्या सोप्या करयोजनेतला) व्यापारी असं छापलं असेल तर तो गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेऊच शकत नाही.

सर्व्हिस चार्ज काढायला लावला म्हणून वेटरच्या हातावर काहीच न ठेवता निघू नका. चांगलं वाढलं असेल तर थेट त्याच्या हातात द्या.

पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा महाग देतात. हे चालतं?

दुकानात, स्टेशनवर, स्टँडवर अजिबात नाही. बसून जेवायच्या हॉटेलात मात्र चालतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तसा निकाल दिला आहे, कारण तिथे नुसती बाटली विकली जात नाही, जागा आणि सेवाही दिली जाते. साधं पिण्याचं पाणी मागा, किंवा घरून भरून न्या.

बाहेर खाऊन पोट बिघडलं. तक्रार कुठे आणि कशी करायची?

आधी डॉक्टर. एकापेक्षा जास्त जणांना त्रास झाला असेल तर कुणी काय खाल्लं ते त्याच दिवशी लिहून काढा. संशय कशावर घ्यायचा ते त्यातून कळतं. बिल जपून ठेवा. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक छापणं बंधनकारक आहे, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना तोच उपयोगी पडतो.

ढाबा निवडताना मी दोन गोष्टी बघतो. हात धुवायच्या जागी साबण आहे का, आणि कापलेला कांदा-काकडी झाकून ठेवलाय का. स्वयंपाकघरात कुणी आपल्याला शिरू देत नाही, पण या दोन गोष्टी बाहेरूनच दिसतात. उघड्यावरची कोशिंबीर, बर्फ घातलेला उसाचा रस आणि सकाळपासून भांड्यात असलेली हिरवी चटणी प्रवासात टाळा. तव्यावरून थेट ताटात येणारं काहीही त्याहून बरं.

गटात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कुणाचा उपवास आहे.

ॲलर्जीचं गांभीर्याने घ्या. आपल्याकडे दाण्याचं कूट कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, खिचडीत, कधी आमटीतही असतं आणि तळायला शेंगदाणा तेल वापरतात. ‘तिखट नको’ म्हटल्यासारखं ‘दाणे नको’ म्हणून भागत नाही. ‘खाल्लं तर श्वास अडकतो, दवाखान्यात न्यावं लागेल’ असं स्पष्ट सांगा, आणि ते वेटरला सांगून न थांबता आचाऱ्यापर्यंत पोचवा. त्या माणसासाठी साधा वरणभात, तूप-लिंबू हे सगळ्यात सुरक्षित.

उपवासाला भगर खायची तर नीट पॅक केलेली आणि ताजी असावी. जुन्या, ओल धरलेल्या भगरीवर बुरशी येते, तिच्यातून विषबाधा होते. सुटं भगरीचं पीठ तर घेऊच नका.

दोन गाड्यांच्या मधे पाच-सहा तास आहेत. स्टेशनवर बसून राहायचं का?

मुळीच नको. सामान क्लोक रूममध्ये ठेवा. तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप लागतं, म्हणून एक छोटं कुलूप जवळ असू द्या. रात्र असेल तर रिटायरिंग रूम (स्टेशनवरची मुक्कामाची खोली) आयआरसीटीसीवरून आधीच बघा.

नांदेडला चार तास असतील तर सचखंड श्री हुजूर साहिबला जा. गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, डोकं झाकून पंगतीला बसा. कर्जतला गाडी थांबते ती बोरघाटाच्या चढासाठी मागून जादा इंजिनं जोडायला. तेवढ्यात बटाटेवडा घेता येतो, पण डब्यापासून लांब जाऊ नका.

मुंबईत एक सावधगिरी बाळगा: एलटीटी (कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस), सीएसएमटी, दादर आणि पनवेल यांतल्या एका ठिकाणी उतरून दुसरीकडून गाडी असेल तर मधे निदान तीन तास धरा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे, तेव्हा तिकिटावर विमानतळाचं नाव दोनदा वाचा.

विमानांच्या मधे मुंबईत सहा-सात तास असतील तर आता भुयारी मेट्रो ३ आहे. ती मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना जोडलेली आहे आणि जास्तीत जास्त तिकीट ७० रुपये आहे. दादरला उतरून थालीपीठ, साबुदाणा वडा आणि पियूष घेऊन आरामात परत येता येतं. पुढचं विमान आंतरराष्ट्रीय असेल तर तीन तास आधी परत या.

एकाच तिकिटावर मधे उतरून शेगावचं दर्शन घेता येतं का?

५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या साध्या तिकिटावर मधे उतरायची मुभा आहे, पण पहिला थांबा ५०० किलोमीटर झाल्यावरच. मुंबई-नागपूर ८३७ किलोमीटर आहे आणि शेगाव ५०० च्या पुढे येतं, म्हणून बसतं. उतरल्यावर स्टेशन मास्तरकडून तिकिटावर नोंद करून घ्यावी लागते. पुढच्या गाडीत आरक्षित जागा हवी असेल तर ते तिकीट काढतानाच काउंटरवर सांगा. महाप्रसाद संस्थानात घ्या आणि कचोरी स्टेशनवर.

विमानाला उशीर झाला. कंपनी जेवण देते का?

डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याच्या नियमाप्रमाणे द्यायला हवं. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला की खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. काउंटरवर जाऊन मागा. दोन विमानांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील आणि पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. स्वस्त पडतं म्हणून तिकिटं तोडून घेणाऱ्यांनी मधे भरपूर वेळ ठेवावा.

आई-बाबा मुलाकडे अमेरिकेला निघालेत, मधे दोहा किंवा दुबईला थांबा आहे. जेवणाचं काय?

निघायच्या २४ तास आधीपर्यंत विमान कंपनीला भारतीय शाकाहारी जेवण सांगा. त्याला ‘एव्हीएमएल’ म्हणतात, जैन जेवण ‘व्हीजेएमएल’. नुसतं ‘व्हेज’ सांगितलं तर उकडलेल्या भाज्या येऊ शकतात. हातातल्या पिशवीत दशम्या आणि कोरडी चटणी चालते. लोणचं हातात नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर कुठल्याच बॅगेत नकोत, कारण तेलामुळे ते ज्वलनशील मालात मोडतं. अमेरिकेत उतरताना जवळचं खाणं कस्टमला खरं सांगा, ताजी फळं आणि मांस नेऊ नका. परत येताना मुंबईत उतरून पुढे देशांतर्गत विमान असेल तर बॅगा मुंबईतच घेऊन कस्टममधून काढाव्या लागतात. त्यासाठी वेळ ठेवा.

परत आल्यावर लगेच घरी साठ माणसांचा कार्यक्रम आहे. केटररला काय विचारायचं?

दर ताटाला किती, यावर बोलणं संपवू नका. कमीत कमी किती ताटांचे पैसे, ऐन वेळी किती जादा माणसं सांभाळाल, वाढपी किती, पाणी आणि पानसुपारी कुणाकडे, भांडी कोण घासणार, हे कागदावर घ्या. बुफेला ताटं मोजायची पद्धत आधी ठरवा. आम्ही सुरुवातीला घरच्या माणसासमोर ताटं मोजून ठेवतो आणि शेवटी उरलेली मोजतो, म्हणजे वाद होत नाही. गुरुजी, फोटोग्राफर, ड्रायव्हर यांची ताटं यजमानांनी धरलेलीच नसतात. साठ सांगितले तर अडुसष्ट होतात.

शिधा देऊन आचारी बोलावणार असाल तर माझा अंदाज: पंगतीत एक किलो तांदूळ बारा जणांना, एक किलो तुरीची डाळ पंचवीस जणांना, श्रीखंड माणशी शंभर ते सव्वाशे ग्रॅम. गॅस १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच आणा. घरचा लाल सिलिंडर केटरिंगला वापरणं बेकायदा आहे.

उरलेलं जेवण वाटून टाकलं तर चालेल का?

दोन तासांच्या आत आणि गरम असेल तर जरूर. भाताची सगळ्यात जास्त काळजी घ्या. मोठ्या पातेल्यातला भात वरून गार लागतो, मधे हात घातला तर कोमट असतो, आणि त्या कोमटपणात जंतू वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. परातीत पसरून गार करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. चार-पाच तास बाहेर राहिलेला भात कुणालाही देऊ नका, घरच्यांनाही नाही.

भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर आपल्याबरोबर जेवतो का? पैसे कुणी द्यायचे?

रोजचा भत्ता ठरला असेल तर तो त्याचा त्याचा जेवतो. बरेच ढाबे गट आणल्याबद्दल त्याला फुकट जेवू घालतात, आणि म्हणूनच तो तुम्हाला विशिष्ट ढाब्यावर नेतो. तुम्हाला दुसरीकडे जेवायचं असेल तर निघतानाच सांगा आणि त्याचं ताट तुमच्या बिलात धरा. तो जेवला का हे विचारा, रात्री कुठे झोपणार हे त्याहून आधी विचारा. आम्ही मुक्काम ठरवताना त्याच्यासाठी पलंग आहे का हे बघतो, आणि नसेल तर दुसरं ठिकाण घेतो. रात्रभर सीटवर वाकून झोपलेल्या माणसाच्या हातात सकाळी घाटातली गाडी द्यायची आमची तयारी नसते.